मामल्यात चाललेलं औषध

मृगाचा पाऊस पडून रानाला वाफसा आला की शिरूर अनंतपाळ तालुक्यात सोयाबीनच्या पेरणीची घाई उडते. पेरणीयंत्र रानात जाण्याआधी घरोघरी बीजप्रक्रिया उरकतात. आधी बुरशीनाशक लावायचं, ते सुकलं की रायझोबियमचं पाकीट फोडून बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं आणि बियाणं सावलीत वाळवायचं. ऊन लागलं तर रायझोबियम मरतो, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अशी जिवाणू खतं तयार होतात आणि हंगामाच्या तोंडावर त्यांना मोठी मागणी असते. महिना-दीड महिन्याने झाड उपटून पाहिलं तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. नखाने गाठ फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला, तर समजायचं की जिवाणू कामाला लागले आहेत आणि हवेतला नत्र पिकाला मिळतो आहे.

म्हणजे या भागातला माणूस जिवाणू पैसे मोजून विकत आणतो, सावलीत जपतो. तोच माणूस पोराला ताप आला की मेडिकलच्या काउंटरवर ‘जरा पॉवरचं औषध द्या’ म्हणतो. कुठला जंतू, जंतू आहे की नाही, असलाच तर कोणत्या औषधाने मरतो, हे प्रश्न तिथे निघतच नाहीत. ते निघायला हवेत, आणि का निघायला हवेत हे समजून घ्यायला मराठवाड्याच्या बाहेर जाण्याची गरज नाही.

जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. आपल्या आतड्यात राहणारे ई. कोलाय जिवाणू एकापुढे एक ठेवले तर एक मिलिमीटर भरायला सुमारे पाचशे लागतील. अन्न, ऊब आणि ओल मिळाली तर हा जिवाणू वीस मिनिटांत दुभंगून एकाचे दोन होतो. हा वेग टिकला तर सात तासांत एका जिवाणूचे वीस लाख होतात. उन्हाळ्यात उघडं राहिलेलं वरण संध्याकाळी का आंबतं, याचं उत्तर या हिशेबात आहे. उलट क्षयाचा जिवाणू दुप्पट व्हायला वीस तासांच्या आसपास घेतो. तो सावकाश वाढतो, म्हणूनच त्याला मारायलाही महिनोन्‌महिने औषध घ्यावं लागतं. निरोगी माणसाच्या शरीरात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या पेशी जेवढ्या, जवळपास तेवढेच. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात आणि कित्येक उपयोगाचे असतात.

काळ्या मातीत सगळ्याच प्रकारचे जिवाणू आहेत. धनुर्वाताचा जिवाणू मातीत आणि शेणात टणक बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं पडून असतो. विळा लागला, खिळा रुतला की खोल जखमेत, जिथे हवा पोहोचत नाही तिथे, तो जागा होतो. एके काळी मळक्या पात्याने नाळ कापल्यामुळे आपल्याकडे असंख्य बाळं धनुर्वाताने दगावली. 2015 मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. हे यश गरोदरपणातलं टीटीचं इंजेक्शन, दवाखान्यातलं बाळंतपण आणि नाळेसाठी निर्जंतुक पातं यांचं आहे. प्रतिजैविकांचा त्यात फारसा वाटा नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो, त्यामागेही जिवाणूच आहेत. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे हे जिवाणू जिओस्मिन हा पदार्थ तयार करतात आणि त्याचाच तो वास. मातीत जागेसाठी आणि अन्नासाठी झगडताना हे जिवाणू भोवतालच्या जिवाणूंना रोखणारी रसायनंही सोडतात. 1943 मध्ये अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ यांनी अशाच जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवलं. पुढे काही वर्षांत लेडर्ली कंपनीत बेंजामिन डुगर यांना मिसुरीतल्या मातीच्या नमुन्यातून ऑरिओमायसिन सापडलं. त्या वेळी कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. टेट्रासायक्लिनचं घराणं इथून सुरू झालं. या घराण्यातल्या कॅप्सूलने पुढे बीड जिल्ह्याला एका मोठ्या संकटातून बाहेर काढलं.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती आणि चारच्या सुमाराला किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त केली. हजारो माणसं गेली. माळवदाच्या घरांची भीती मराठवाडाभर बसली. हादरे बसलेल्या गावांत लोक घरं सोडून बाहेर, खोपटांत राहू लागले. धान्य मात्र घरातच राहिलं.

1994 च्या ऑगस्टमध्ये बीड तालुक्यातल्या मामला गावातून तक्रारी येऊ लागल्या. उंदीर पडत होते आणि पिसवांनी लोक हैराण झाले होते. महिनाअखेरीस जांघेत, काखेत गाठ आणि सडकून ताप असलेले रुग्ण दिसू लागले. जुन्या माणसांना याचा अर्थ लगेच कळला असणार, कारण ‘उंदीर पडणं’ म्हणजे काय हे मराठी गावांनी दोन-तीन पिढ्यांपूर्वी भोगलं होतं. सप्टेंबरच्या मध्यावर गाठीच्या प्लेगचा संशय उघडपणे मांडला गेला. देशात त्याआधी प्लेगचे रुग्ण सापडले होते 1966 मध्ये, कर्नाटकात. अठ्ठावीस वर्षांनी तो परतला होता. आठवड्याभरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो लोकांनी ते शहर सोडलं.

तज्ज्ञांनी पुढे जो तर्क मांडला तो असा: रानातल्या उंदरांमध्ये हा जिवाणू कमी प्रमाणात टिकून होता. भूकंपानंतर रिकाम्या घरांत धान्य साठून राहिलं, घरउंदीर वाढले, रानउंदरांशी त्यांचा संबंध आला आणि पिसवांमार्फत रोग गावात उतरला. मामल्यात सापडला तो खरंच प्लेग होता का, यावर त्या वेळी बराच वाद झाला. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने समिती नेमली. पुढे जिवाणूंच्या जनुकीय तपासण्या झाल्या आणि तो प्लेगचाच जिवाणू, येर्सिनिया पेस्टिस, होता हे स्पष्ट झालं. हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी हा जिवाणू 1894 मध्ये शोधला, त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षं होत होती.

या शंभर वर्षांत काय बदललं होतं ते पाहायला मुंबई-पुण्याकडे वळलं पाहिजे. 1896 च्या सप्टेंबरमध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. तेव्हा हातात औषध नव्हतं. रोग पसरतो कसा हेही कुणाला नक्की माहीत नव्हतं, त्यामुळे सरकारने घरं धुतली, सामान जाळलं, माणसं उचलून नेली आणि उंदीर तसेच राहिले. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच साथीत पुण्यात रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवलं की रोग उंदराच्या पिसवेतून येतो. गावं रानात राहायला जायची, माळावर झोपड्या पडायच्या, आणि लोकांचा तो शहाणपणा शास्त्राच्या आधीचा होता. तरीही पुढच्या दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं प्लेगने मेली.

1994 मध्ये देशभरात मिळून मृत्यू झाले पन्नासच्या थोडे वर, आणि ते जवळजवळ सगळे सुरतेतले. बीडमध्ये काय केलं गेलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. घराघरांत आधी पिसवा मारण्यासाठी कीटकनाशक भुकटी मारली आणि मग उंदरांकडे वळले. क्रम उलटा झाला असता तर मेलेल्या उंदरांच्या अंगावरच्या उपाशी पिसवा माणसांवर आल्या असत्या. रुग्णांना आणि त्यांच्या सहवासात आलेल्यांना टेट्रासायक्लिन दिलं गेलं. गाठीच्या प्लेगवर उपचार झाले नाहीत तर शंभरातले तीस ते साठ रुग्ण दगावतात, फुप्फुसाच्या प्लेगमधून तर कुणी क्वचितच वाचतं. एवढ्या भयंकर रोगाला स्वस्तातली, जुनी, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी कॅप्सूल पुरून उरली. घबराट इतकी होती की मुंबई-दिल्लीतल्या दुकानांतली टेट्रासायक्लिन संपली. ज्यांना गरज नव्हती त्यांनीही ती विकत घेऊन ठेवली, काहींनी गिळलीही.

ती कॅप्सूल चालली, याचं कारण मामल्यातला जिवाणू तिला बधत होता. टेट्रासायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमला चिकटतं आणि त्याची प्रथिनं बनवण्याची क्रिया थांबवतं. पेनिसिलिनची तऱ्हा वेगळी आहे: ते जिवाणूभोवतीची भिंत उभी राहू देत नाही, म्हणून जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंत नसते आणि आपले रायबोसोमही वेगळ्या घडणीचे असतात. प्रतिजैविकं जंतूला मारतात आणि रोग्याला राखतात ती या फरकाच्या जोरावर. विषाणूला मात्र ना भिंत, ना स्वतःचे रायबोसोम. सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या यांवर कुठलंही प्रतिजैविक काम करत नाही, मग ते कितीही महागडं असो. कोविडच्या काळात घरोघरी ॲझिथ्रोमायसिनच्या पट्ट्या साठल्या होत्या. त्यांतली एकही गोळी त्या विषाणूचं काही बिघडवू शकत नव्हती.

बीडच्या साथीनंतर एकच वर्ष गेलं. 1995 मध्ये मादागास्कर बेटावर सोळा वर्षांच्या एका मुलाला गाठीचा प्लेग झाला. त्याच्या शरीरातला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला तेव्हा दिसलं की त्याला स्ट्रेप्टोमायसिन चालत नाही, टेट्रासायक्लिन चालत नाही, क्लोरॅम्फेनिकॉलही चालत नाही. प्लेगवरची नेहमीची सगळी औषधं एका झटक्यात निकामी झाली होती. मुलगा दुसऱ्या औषधाने वाचला. पण संशोधक हादरले ते या प्रतिकाराच्या उगमाने. तो प्लाझ्मिड नावाच्या सुट्या जनुकीय वर्तुळातून आला होता. शेजारच्या रानातून चांगलं बियाणं मूठभर मागून आणावं, तसं एका जातीचा जिवाणू दुसऱ्या जातीकडून प्लाझ्मिड घेतो. पुढे संशोधकांना जवळपास असाच प्लाझ्मिड दुकानातल्या मांसावर सापडणाऱ्या साल्मोनेला जिवाणूंमध्येही आढळला.

हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. पोराच्या साध्या सर्दीला गोळी दिली की ती सर्दीच्या विषाणूला काही करत नाही, पण आतड्यातल्या कोट्यवधी निरुपद्रवी जिवाणूंपर्यंत जरूर पोहोचते. त्यांतले औषधाला न बधणारे थोडे मागे उरतात आणि जागा रिकामी झाल्यामुळे तेच वाढतात. रोग त्यांनी केलेला नसतो. पण त्यांच्याकडे आता प्लाझ्मिड असतो, आणि उद्या विषमज्वराचा किंवा न्यूमोनियाचा जिवाणू आला की तो त्याला मिळू शकतो. ‘गोळीने फायदा नाही झाला तरी तोटा काय’ हे म्हणणं इथे साफ चुकतं.

हे आपल्या देशात घडून गेलेलं आहे. 1972 मध्ये केरळातल्या कोळिकोडमध्ये विषमज्वराची साथ आली आणि क्लोरॅम्फेनिकॉल, जे तोवर विषमज्वरावरचं हुकमी औषध होतं, ते चालेना. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, तेही बोथट झालं. आता डॉक्टरांची भिस्त ॲझिथ्रोमायसिन आणि सेफ्ट्रिॲक्सोनवर आहे, आणि या दोन्ही औषधांची खिरापत आपण वाटतो आहोत. 2012 च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणीतल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगासमोर मांडले. क्षयाच्या तज्ज्ञांना न विचारता दिलेली चुकीची, अपुरी औषधं हे त्यामागचं मोठं कारण असल्याचं त्यांनी दाखवून दिलं होतं. जगभरात 2019 मध्ये औषधांना न बधणाऱ्या जिवाणूंमुळे थेट 12 लाख 70 हजार मृत्यू झाले, असा अंदाज लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या तालुक्यांच्या गावी टायफॉईडचं निदान बहुतेक वेळा विडाल चाचणीवर होतं. थोडंसं रक्त, अर्ध्या तासात रिपोर्ट, लगेच सलाईन आणि इंजेक्शन. विडाल पूर्वीच्या संसर्गामुळे किंवा भलत्याच तापातही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. खरा पुरावा म्हणजे रक्ताचं कल्चर: नमुन्यातला जिवाणू वाढवायचा आणि कोणतं औषध त्याला मारतं ते पाहायचं. त्याला दोन-तीन दिवस लागतात. ही सोय लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत असते, पण नमुना औषधाचा पहिला डोस पडण्याआधी घ्यायला हवा. रुग्ण तिथे पोहोचतो तेव्हा सहसा तीन प्रकारची प्रतिजैविकं घेऊन झालेली असतात आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही.

जनावरांचाही यात वाटा आहे. देवणी आणि लाल कंधारी गुरं ही या मुलखाची भूषणं. गाईला कासदाह झाला की कासेत प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यानंतर पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीत ते दूध डेअरीला घालता कामा नये. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटच्या फळीतलं औषध आहे, आणि तेच कोंबड्यांचं वजन वाढावं म्हणून खाद्यातून दिलं जात होतं. केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांमध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली. हा निर्णय उशिरा आला, पण अत्यंत आवश्यक होता.

एवढं वाचून कुणी प्रतिजैविकांना भिऊ लागलं तर तेही चुकेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, दूध ओढतं का पाहायचं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं ठरलेल्या कसोटीवर उतरली तरच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. या आरोग्यदूतांच्या उपचारानंतर जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण शेकडा 16.6 वरून 2.8 वर आलं. 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या या कामाने देशाचं नवजात बालकांविषयीचं धोरण बदललं. थोडं शिकलेल्या, पण कसोटी न मोडणाऱ्या गावच्या बाईच्या हाती तेच औषध किती जीव वाचवतं, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं आहे.

औषधाची वेळच येऊ नये, हा खरा संसर्ग-प्रतिबंध. गावाच्या टाकीत टीसीएल पावडर पडली का, आणि ओटी टेस्ट घेतली तेव्हा नळाच्या पाण्यात क्लोरीन दिसलं का, हे पाहणं ग्रामपंचायतीचं काम. पाण्याच्या सुरक्षिततेनुसार ग्रामपंचायतींना हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. अशा टंचाईत साठवलेलं पाणी पुन्हा पुन्हा हाताळलं जातं, हात धुणं कमी होतं, आणि हगवणीचे जंतू सोकावतात.

दवाखान्यात तर हात हेच मोठं वाहन. इग्नाझ सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये व्हिएन्नात डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, तेव्हा जिवाणूंचा सिद्धांतही मांडला गेला नव्हता. उपकरणं नुसती उकळून बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांची, दाबाखालची वाफ पंधरा-वीस मिनिटं लागते. 2023 च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात होते. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या मृत्यूंची कारणं वेगवेगळी होती आणि सगळ्यांचा दोष संसर्गावर टाकता येणार नाही. पण आसपासच्या जिल्ह्यांचे आणि सीमेपलीकडचे रुग्ण एकाच रुग्णालयावर येऊन आदळतात, तेव्हा परिचारिकेला एका बाळाकडून दुसऱ्या बाळाकडे जाताना हात धुवायलाही उसंत मिळत नाही, हे तरी मान्य करावं लागेल. खाटा, माणसं आणि पाणी पुरवल्याशिवाय स्वच्छतेचे फलक लावून काही होणार नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन ही औषधांची यादी लागू झाली. तिच्यातली प्रतिजैविकं विकताना औषध विक्रेत्याने डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. ज्या पट्टीवर उभी लाल रेघ आहे, ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. विक्रेत्याने दिली तरी घेऊ नका. मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या शेजारच्या पोराला देऊ नका. डॉक्टरांनी दिलेला कोर्स आपल्या मनाने मध्येच सोडू नका, आणि वाढवूही नका. यंदाच्या पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टरांना विचारा की हा जिवाणूंचा ताप आहे का आणि तपासून ठरवता येईल का. ते ‘गोळीची गरज नाही’ म्हणाले तर इंजेक्शनचा हट्ट धरू नका. मात्र दोन महिन्यांच्या आतलं बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, छाती खोल जाऊन श्वास घेऊ लागलं, तर सकाळ होण्याची वाट न पाहता 108 ला फोन करून ते रुग्णालयात पोहोचवा. त्या बाळासाठी योग्य प्रतिजैविकाचा पहिला डोस किती लवकर मिळतो, यावर सगळं अवलंबून असतं.